मिकोरावांचे तेहेतीस अनारसे

आमच्या घरात जावयाला 'पुरे' म्हणायची सोय नाही. 'घ्या', 'घ्या ना', 'एवढ्यानं काय होतंय', 'माझी शपथ आहे' असे आग्रहाचे सगळे प्रकार आम्हाला बाळकडूतून मिळालेत. खाणाऱ्याला थांबवायचं कसं, हे मात्र कुणीच शिकवलं नाही, कारण तशी वेळच कधी आली नव्हती. ती आली गेल्या अधिक महिन्यात, आणि थेट फिनलंडहून आली.

माझी भाची केतकी शिकायला फिनलंडला गेली आणि तिथल्याच मिको नावाच्या मुलाशी लग्न करून बसली. लग्नही तिकडंच झालं, बर्फात, मोजक्या माणसांत. (आपल्याला न बोलवायचं कारण थंडी असेल, अशी आम्ही आपली समजूत घातली.) आता दोघं पहिल्यांदाच संभाजीनगरला येणार होती, तीही नेमकी अधिक महिन्यात! या महिन्यात जावयाला नारायण मानून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे असतात. माझी थोरली बहीण, म्हणजे मिकोची सासू, आनंदानं वेडी व्हायची बाकी होती.

काळजी एकच होती, मिकोच्या आईची. मुलगा उन्हाळ्यात मराठवाड्यात जातोय म्हटल्यावर ती बाई व्हिडिओ कॉलवर रडायच्या बेतात आली होती. त्याला लहानपणापासून गोड फारसं सोसत नाही, हेही तिनं सांगितलं. ताईचेही डोळे भरले.

"दिलीप, तिला सांग, तुमचा मुलगा जसा येईल तसाच परत पाठवू. माझा शब्द आहे म्हणावं."

मी सांगितलं. मी शाळेत इंग्रजी शिकवतो, त्यामुळं आमच्या घराण्याचे परराष्ट्र संबंध माझ्याकडं असतात.

ते संबंध मी स्टेशनवरून घरी येतानाच सांभाळायला घेतले. रिक्षात मिकोला सगळं नीट समजावलं. ताटात वाढलेलं टाकायचं नाही. अन्न टाकलं की सासूचा अपमान होतो. दिलेली वस्तू नाकारायची नाही. मिको गंभीरपणे मान हलवत होता. इतका चांगला विद्यार्थी मला उभ्या नोकरीत मिळालेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. धोंडे, त्यावर तुपाची धार, आमरस, कटाची आमटी, भजी. मिकोनं माझ्या शिकवणीप्रमाणं ताट लख्ख केलं. आमच्याकडं लख्ख ताट म्हणजे पोट भरलं नाही! ताईनं धावत येऊन पुन्हा वाढलं. त्यानं पुन्हा लख्ख केलं.

"मिकोरावांना आवडले गं धोंडे!" ताई हरखून म्हणाली. केतकीनं त्याच्या ताटावर हात आडवा धरला.

"आई, पुरे आता. त्याला जात नाहीये."

"हात काढ! जावयाच्या ताटावर हात धरतेस? लाज नाही वाटत?"

हात निघाला आणि धोंडा पडला.

जेवणानंतर वाण देण्याचा कार्यक्रम झाला. अधिक महिन्यात जावयाला तीस-तीनचं वाण देतात, म्हणजे तेहेतीस अनारसे आणि वर पेटता दिवा. ताईनं ओवाळून तांब्याचं ताट त्याच्या हातात ठेवलं. मिकोनं मला हळूच इंग्रजीत विचारलं, "मामा, हे काय?"

इथं गप्प बसलो असतो तर पुढचं काही घडलं नसतं. पण मास्तर माणूस, प्रश्न आला की राहवत नाही.

"हे फक्त तुझं," मी म्हणालो. "तू आज देवाच्या जागी आहेस. हे परत करायचं नाही, दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही."

"सगळे माझे?"

"सगळे. आणि उद्या एकादशी आहे. हे तांदळाचे असतात, एकादशीला चालत नाहीत."

ही शेवटची माहिती त्यानं मागितलेली नव्हती. मी ती ज्ञानात भर म्हणून दिली.

थोड्या वेळानं केतकी क्रांती चौकातल्या शिंप्याकडं ब्लाऊज आणायला गेली. फोन घरीच चार्जिंगला लावून गेली. ताई स्वयंपाकघरात आवरत होती, आम्ही बाकीचे आडवे झालो. डोळा लागतो न लागतो तोच बाहेरच्या खोलीतून आवाज आला. कर्रम. मग थोडी शांतता. पुन्हा कर्रम.

मी दारातून डोकावलो. मिको खुर्चीत ताठ बसला होता. मांडीवर ताट, कपाळावर घाम. एक अनारसा उचलायचा, डोळे मिटायचे, चावायचं, पाणी प्यायचं, दुसरा उचलायचा! मी धावत स्वयंपाकघरात गेलो.

"ताई, तो अनारसे खातोय."

"खाऊ दे की. चांगले झालेत."

"सगळे खातोय!"

ताई पदर सावरत दाराशी आली आणि तिथंच खाली बसली. "अगं बाई! त्याला काही झालं तर त्याच्या आईला काय तोंड दाखवू मी? शब्द दिलाय रे! दिलीप, थांबव त्याला."

"मी कसा? तू सासू आहेस."

"मीच वाण दिलं आणि मीच म्हणू खाऊ नका?"

आम्ही दाजींना उठवलं. दाजी, म्हणजे मिकोचे सासरे, मूळचे गंगापूरचे. त्यांनी पडद्याच्या फटीतून बराच वेळ पाहणी केली.

"लई खातो की ओ पोरगा," ते म्हणाले. "पण मी नाय बोलणार. सासऱ्यानं जावयाच्या तोंडचा घास काढला, हे गंगापूरला कळलं तर भाऊबंद मला उभं करतील व्हय दारात? तुम्ही बोला. इंग्रजी तुमचं हाय."

मी गेलो. मिकोसमोर बसलो. 'बाळा, बस कर' हे वाक्य इंग्रजीत मनाशी जुळवलं, तोंड उघडलं, आणि पन्नास वर्षांची सवय बाहेर पडली. "आवडलं का? घे ना अजून!"

पडद्यामागं ताईनं कपाळावर हात मारल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मिकोनं केविलवाणं हसून आणखी एक उचलला.

मी दुसरा डाव टाकला. "चल, जरा फिरून येऊ." बाहेर ऊन असं की कुत्रीसुद्धा गाड्यांखाली गेलेली. मिकोनं ताटाकडं बोट दाखवलं. "आधी हे संपवतो, मामा. उद्या चालत नाही ना."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि पाठोपाठ अंधारीच आली. हे सगळं मीच करून ठेवलं होतं! आता खरं काय ते सांगून टाकावं, म्हणून मी घसा खाकरला, तेवढ्यात बेल वाजली. शेजारचे रशीदभाई दारात, हातात मिठाईचा खोका.

"सरजी, दामाद आया सुना! पहली बार आया, मी रिकाम्या हातानं कसा येऊ? गरम इमरती आणली." त्यांनी मिकोकडं पाहिलं आणि जागीच थबकले. "माशाल्लाह! क्या खाता है लडका! असा जावई नशिबानं मिळतो."

मी डोळ्यांनी, भुवयांनी, शेवटी दोन्ही हातांनी खुणा केल्या. रशीदभाईंनी त्याचा अर्थ 'तुम्हीच भरवा' असा लावला आणि तुपाळ इमरतीचा तुकडा आपल्या हातानं मिकोच्या तोंडात घातला! दिलेली वस्तू नाकारायची नाही. मिकोनं ती गिळली. आधी गुलाबी असलेला त्याचा चेहरा पांढरा झाला, मग हिरवट दिसायला लागला. रशीदभाई समाधानानं घरी गेले. आत दाजी ओवा शोधत होते आणि ताईनं देवासमोर हात जोडले होते.

खरं सांगतो, मला आता फार भीती वाटायला लागली होती. परक्या मुलखातलं लेकरू, माझ्या शब्दावर विश्वास ठेवून जिवावर उदार झालेलं. समजावत बसायला आता वेळ नव्हता. ताट रिकामं होणंच महत्त्वाचं ना? मग ते मी रिकामं करतो! मी त्याच्या शेजारी बसलो, दोन अनारसे उचलले आणि एकदम तोंडात कोंबले.

"अरे, वाणाला हात लावलास?" ताई आतून किंचाळली. "नारायणाचं खातोस?"

मिको तर हादरलाच. त्यानं ताट छातीशी धरलं. दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"मामा, नो!"

"दे इकडं!" मी म्हणालो. तोंड भरलेलं असल्यानं ते कुठल्याच भाषेत उमटलं नाही. मी ताट ओढलं, त्यानं ओढलं. तो तिशीच्या आतला, मी पन्नाशीच्या बाहेरचा, पण माझ्या अंगात ताईचा शब्द संचारला होता. विझलेला दिवा कलंडला, तूप माझ्या पायजम्यावर. मी एका हातानं ताट धरून दुसऱ्या हातानं अनारसे तोंडात भरत होतो, आणि नेमका त्याच वेळी टेबलावर उभा केलेला मिकोचा फोन वाजला. सोडवायला आलेल्या दाजींनी घाईघाईनं तो बंद करायला म्हणून बोट लावलं, आणि कॉल सुरू झाला.

पडद्यावर मिकोची आई. नुसती बघत राहिली. गालफडं फुगलेली, मिशीला खसखस, मी तिला नमस्कार केला. ताट मात्र सोडलं नाही.

केतकी आली ती याच दृश्यात. दोन मिनिटांत तिनं मिकोला सगळं समजावलं. वाण डब्यात भरून ठेवायचं, सगळ्यांनी मिळून प्रसाद म्हणून खायचं.

"म्हणजे आजच संपवायचे नव्हते?" मिकोनं रडवेल्या आवाजात विचारलं.

"तुला कुणी सांगितलं आजच म्हणून?"

मिको सभ्य मुलगा. त्यानं नाव घेतलं नाही, नुसतं माझ्याकडं पाहिलं. ताईनंही पाहिलं. दाजींनी तर ओव्याची पूड हातात घेऊनच पाहिलं. ती पूड त्यांनी जावयाला दिली आणि उरलेली मला.

मिकोला काही झालं नाही. संध्याकाळपर्यंत झोपला, रात्री ताक-भात खाल्ला, आणि आला तसाच, थोडा जड होऊन, फिनलंडला परत गेला. ताईचा शब्द राहिला. मला बरं वाटायला तीन दिवस लागले, पण माझी कुणी चौकशी केली नाही.

परवा केतकीचा फोन आला. मिकोची आई दिवाळीत इकडं यायचं म्हणतेय. तिला आपली माणसं फार आवडली. येताना स्वतः केलेल्या खाऊचे दोन डबे आणणार आहे. एक ताईसाठी. आणि दुसरा, मोठा, त्या बिचाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांसाठी, ज्यांना घरात कुणी खायला देत नाही आणि पाहुण्यांच्या ताटातलं हिसकावून खावं लागतं.

अपमानानं माझे कान तापले. मी केतकीला स्पष्ट बजावलं की त्या बाईंचा गैरसमज ताबडतोब दूर झालाच पाहिजे. डबा घेऊन झाल्यावर.