बंद खात्यांतली घरघर

लिंबायतच्या गल्ल्यांत छगन मिस्त्रीची ओळख म्हणजे त्याचे कान. अमळनेरकडचा हा माणूस एकोणीस वर्षांपूर्वी बायकोला, भागीरथीला, घेऊन सुरतेला आला, तेव्हा कापड विणायचं लूम कशाशी खातात हेही त्याला ठाऊक नव्हतं. पण चालत्या लूमवर लांब पेचकस टेकवून त्याची लाकडी मूठ कानाला लावली, की आतलं बेअरिंग किती दिवसांचा सोबती आहे, हे तो सांगून मोकळा व्हायचा. पंधरा दिवस म्हणाला, तर सोळावा उजाडत नसे.

लूमांचा मालक, शेठ, चेष्टा करायचा, "छगन, कानांचा विमा उतरव बाबा. बाकी तुझ्यात आहे काय?"

छगन हसून घ्यायचा. पण ते खरंच होतं. कान गेले, की मिस्त्रीपण गेलं. उरणार एक पन्नाशीचा हमाल.

मग चौऱ्याण्णवचा सप्टेंबर आला. गणपती बुडाले न बुडाले तोच प्लेगची बातमी फुटली. उधना स्टेशनावर खान्देशच्या गाड्यांना माणसं मुंगळ्यांसारखी चिकटली. शेठही गेला, आणि जाताना चार खात्यांच्या किल्ल्या छगनच्या हातात देऊन गेला. लूमच्या शेडला सुरतेत खातंच म्हणतात. एकेक करत सगळी खाती थांबली. खेळ संपून माणसं निघून जावीत, दिवे मालवावेत, आणि रिकाम्या खुर्च्या आपल्याकडे बघताहेत असं वाटावं, तशी शांतता गल्लीवर उतरली. एकोणीस वर्षांत छगनने ती पहिल्यांदा ऐकली.

हाताला काम म्हणून कुंदनभाईंचं इंजिन होतं. पर्वत पाटिया भागातले हे गृहस्थ कॉलेजातल्या कॅडेट पोरांना छोटी विमानं उडवायला शिकवायचे. आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून तेही सुरत सोडून गेले नव्हते. मुठीत मावेल एवढं इंजिन देताना म्हणाले होते, "छगनभाई, घुमाओ तो रोता है. दसऱ्याला उडवायचंय."

छगनने ते खोललं. एरंडेलाचं तेल जळून आत तपकिरी लाखेसारखं बसलेलं. मागचं मोठं बेअरिंग गंजून खरखरीत झालेलं. पुढचं धाकटं मात्र रॉकेलने धुतल्यावर मोकळं झालं. उत्तम ते निवडता यावं म्हणून मोठ्या मापाची तीन नवी बेअरिंगं त्याने बाजार बंद व्हायच्या आधीच आणून ठेवली होती.

सवयीने त्याने पहिलं बोटावर फिरवलं, पेचकस टेकवला, मूठ कानाला लावली. घरघर.

"नवं आणि खराब?" तो पुटपुटला. दुसरं घेतलं. घरघर. तिसरं. तीच बारीक, न थांबणारी घरघर, दाताखाली वाळू यावी तशी.

त्याने पेचकस खाली ठेवला. घरघर चालूच राहिली.

भर दुपार होती. कुठलं तरी लूम चालू राहिलंय, असं मनाशी म्हणत त्याने किल्ल्या उचलल्या. पहिलं खातं उघडलं. अर्धं विणलेलं कापड ताणलेलं तसंच. एका लूमखाली कुणाची तरी एकच चप्पल. खिळ्याला अडकवलेल्या डब्यातून आंबूस वास. त्याने एकेका मोटरीला हाताची पाठ लावून पाहिली. थंडगार. दुसरं खातं, तिसरं, चौथं. सगळ्या मोटरी थंडगार, आणि घरघर प्रत्येक ठिकाणी अशी, की जणू पलीकडच्या खात्यातून येतेय.

चौथ्या खात्याच्या दारात उभं राहून शेवटी त्याने दोन्ही कानांवर तळवे घट्ट दाबले. आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

असे दोन दिवस गेले. भागीरथीने काही विचारलं, की "अं?" म्हणायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी इंजिनाचा सांगाडा घेऊन तो चुलीपाशी आला. जुनं बेअरिंग काढायला तो तापवावा लागतो.

"मन्हा तवावर आते इमान भाजतस का?" ती म्हणाली.

तव्यावर विमान भाजण्याच्या या थट्टेचंही त्याला हसू आलं नाही. तो तिथेच मटकन बसला आणि म्हणाला, "कान गेले माझे. सगळं बंद आहे, तरी घरघर ऐकू येते. आता कोण मला मिस्त्री म्हणेल?"

भागीरथीचा पिठाचा हात थांबला. ती खालच्या आवाजात म्हणाली, "माले बी ऐकू येस. लूम बंद व्हयनात तवयपाईन. माले वाटनं, खात्यात कोणी शे."

छगनने तिच्या दोन्ही कानांवर तळवे ठेवले. "आता?"

"वाढनं," ती म्हणाली, आणि तिचे डोळे मोठे झाले.

गावाला पळालेल्या साऱ्या गल्लीने हीच घरघर कानांत नेली असेल का? दोघांच्याही मनात ते आलं.

मग भागीरथीने हात पुसले. "आना इकडे ती चाकं. कानले काय लावतस?" डोळे मिटून, तांदळातला खडा चाचपावा तसं तिने एकेक बेअरिंग चिमटीत धरून अगदी हळू फिरवलं. दुसऱ्याला थांबली. "यामा काहीतरी शे." छगनने ते रॉकेलमध्ये धुतलं. वाटीच्या तळाशी धातूचा एक कण चमकला. मग त्याने स्वतः डोळे मिटून पहिलं आणि तिसरं फिरवलं. पहिलं लोण्यासारखं होतं. तिसऱ्यात कुठेतरी अगदी जराशी अडखळ होती. बोटांच्या टोकांना ती त्याला स्पष्ट कळली.

सांगाडा तव्यावर ठेवला. त्यावर टाकलेला पाण्याचा थेंब नाचून उडाला, तसा छगनने फडक्यात धरून तो पाटावर आपटला. जुनं बेअरिंग आपसूक निसटून टक्कन पडलं. त्या शांततेत ते केवढं मोठं वाजलं! सांगाड्याच्या गरम खोबणीत पहिलं बेअरिंग तितक्याच अलगद बसलं.

दसऱ्याला विमान काही उडालं नाही, पोरंच कुठे परतली होती! पण छगन आणि भागीरथी इंजिन घेऊन गेली, तेव्हा कुंदनभाईंनी पर्वत पाटियाच्या मोकळ्या रस्त्यावर फळीला इंजिन बांधून पंख्याला झटका दिला. ते किंचाळत चालू झालं, आणि आवाज बंद दुकानांच्या शटरांवर आपटून चारी बाजूंनी परत आला. एका खिडकीत तोंडाला रुमाल बांधलेला चेहरा दिसला आणि नाहीसा झाला. कानाला काही न लावता छगनने फळीवर बोटं टेकवली. आत काहीच अडखळत नव्हतं.

"वाह, मिस्त्री!" कुंदनभाई ओरडले. मिस्त्री! छगनने बायकोकडे पाहिलं. ती पदराआड हसत होती.

तेल संपलं. पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला. कुंदनभाईंनी डोळे मिटून लांब श्वास घेतला.

"कितनी शांती है, नहीं?"

छगन आणि भागीरथी दोघंही एकाच वेळी मान थोडी कलती करून, ती घरघर ऐकत उभी राहिली.

"हो," छगन म्हणाला.