हीरोची पाठ

शूटिंगच्या लाइनमध्ये काम थोडं आणि थांबणं फार. लाइट लागेपर्यंत थांबा, हीरो येईपर्यंत थांबा, वरून विमान जाईपर्यंत थांबा. या थांबण्यातच किस्से तयार होतात. पूर्वी ते तिथल्या तिथे हवेत जायचे. दादा गेल्यापासून मात्र गोरेगावच्या स्टुडिओत जो भेटतो तो खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "तुझ्या दादाचा एक किस्सा सांगू?" सांगतो, हसतो, डोळे पुसतो, निघून जातो. किस्सा माझ्याकडेच राहतो. आता इतके झालेत की ठेवायला जागा नाही. म्हणून थोडे इथे उतरवतो. माझी शाळा सातवीत सुटली, तेव्हा सांभाळून घ्या.

दादा म्हणजे सुनील, माझा मोठा भाऊ. तो ज्युनिअर आर्टिस्ट, म्हणजे पिक्चरमधल्या गर्दीतला माणूस. मी सेटिंगला, म्हणजे सेट बनवणारा सुतार. मी प्लायवूडचा जेल बनवायचा आणि दादाने त्यात जाऊन बसायचं, अशी आमची वर्षं गेली.

*

दादाचा चेहराच तसा होता. देवळात हात जोडून उभा राहिला तरी लोक चपला सांभाळायचे. जेलचा सीन असला की पहिला फोन त्याला.

एकदा बोरिवलीला नाकाबंदीत हवालदाराने आमची बाइक अडवली. लायसन्स बघितलं, दादाकडे बघितलं, परत लायसन्स बघितलं. "तुला कुठेतरी बघितलंय रे."

दादा खूश! एवढ्या वर्षांत पहिला माणूस ओळखणारा! छाती पुढे काढून म्हणाला, "जेलमध्ये बघितलं असेल, साहेब!"

आम्हाला चौकीत बसवून ठेवलं. नीट चौकशी करून सोडलं, तेव्हा निघता निघता दादा त्याला विचारतोय, "पण साहेब, नक्की कुठल्या पिक्चरचा जेल?"

*

मग हा शेवटचा पिक्चर आला. कैद्याचीच गोष्ट. हीरोचं नाव रघू. ते काम करणारा नट मोठा, त्याच्या तारखा मोजक्या. तो यायचा, चेहऱ्याचे शॉट द्यायचा आणि जायचा. बाकी रघू पाठमोरा दिसतो तिथे त्याच्या अंगाबांध्याचा दुसरा माणूस पाहिजे होता. डायरेक्टरने सगळ्या कैद्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं, मागून फेरी मारली आणि दादाच्या पाठीवर थाप मारली. "हा!"

चेहऱ्याने आयुष्यभर चोर, आणि पाठीने एकदम हीरो!

चाळीत बातमी पसरली. शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, "काय गो, तुझो सुनील हीरो झालो म्हणे?"

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "झालो. पण पाठीमागसून."

*

दादाने ते काम फारच मनावर घेतलं. जेवणाच्या सुट्टीत कैदी आणि पोलीस एका पंगतीत बसायचे. पोलिसांत आमचा शेजारी परब होता, तो कायम हवालदाराचं काम करायचा. दादा त्याच्या शेजारी बसेना.

"अरे, काय झालं?" परबने विचारलं.

"काल तू रघूला काठीने मारलंस."

"अरे सुन्या, काठी थर्माकोलची होती! आणि मारलं ते तुलाच ना? तुला लागलं का?"

"मला नाही लागलं. रघूला लागलं."

संध्याकाळी दोघं एकाच बाइकवर घरी गेले. दुसऱ्या दिवशी जेवायला परत वेगळे!

*

रघूच्या कोठडीत एक म्हातारा कैदी असतो. ते काम पास्कू अंकल करायचे. मरोळच्या गावठाणातले, सगळ्या ज्युनिअर आर्टिस्टांत सीनियर. एका सीनमध्ये रघूला भूक लागते आणि तो झोपलेल्या म्हाताऱ्याच्या थाळीतली भाकरी चोरतो. कॅमेरा मागून, म्हणजे काम दादाचं.

ॲक्शन झालं. दादाने भाकरी उचलली, मोडली, अर्धी घेतली, अर्धी परत ठेवली.

"कट! सुनील, पूर्ण घे."

"हो सर."

परत ॲक्शन. परत अर्धी!

"पूर्ण घे रे बाबा! भुकेला आहे तो!"

तिसऱ्या वेळी दादाने पूर्ण भाकरी घेतली, आणि जाता जाता म्हाताऱ्याच्या अंगावरचं सरकलेलं कांबळं नीट केलं. डायरेक्टरने कपाळाला हात लावला. मागून लाइटवाला म्हणाला, "आता सांगाल तर आंघोळ पण घालेल!"

*

खरं भांडण झालं ते शेवटावरून.

गोष्ट अशी. जेलमध्ये दंगा होतो, गेट उघडं पडतं. पळापळीत म्हाताऱ्याचा पाय मोडतो. याच म्हाताऱ्याने रघूला तापात जगवलेलं असतं. तो अंगणात पडून कण्हतोय आणि रघू गेटमधून पळून जातो. मागे वळूनही बघत नाही. तिथेच पिक्चर संपतो.

दादाला हे जेवताना कळलं. तो ताट तसंच ठेवून उठला आणि थेट डायरेक्टरसमोर जाऊन उभा राहिला. डायरेक्टर मुलुंडचा, तरुण, आवाज कधी न चढवणारा.

"सर, हा माणूस असा नाही."

"सुनील, रघूने खून केलाय."

"खून केला म्हणून काय झालं? म्हाताऱ्याला टाकून पळेल का?"

"सगळ्या पिक्चरमध्ये हीरो परत येतो," डायरेक्टर शांतपणे म्हणाला. "खऱ्यात गेट उघडं मिळाल्यावर कोणी परत आलेला तू बघितलायस?"

दादाने अंगातला रघूचा शर्ट खाली ओढून नीट केला. सगळे बघत होते. शेवटी म्हणाला, "बघितला नाही. पण सर, त्याच्या कपड्यांत हीरोपेक्षा जास्त वेळ मी असतो."

सगळे हसले. डायरेक्टरही हसला, पण शेवट बदलला नाही.

घरी दादा रोज आईला गोष्ट सांगायचा. त्या दिवशी आईने विचारलं, "मगे त्या म्हाताऱ्याचा काय झाला?"

"अजून ठरायचंय," दादा म्हणाला आणि तोंड धुवायला गेला.

*

मग दादाला ताप आला. साधा ताप, गोळी घेऊन कामाला जाणारा ताप. हॉस्पिटलमध्ये नेला तेव्हा तो माझ्याशी बोलत होता. परत आणला तेव्हा बोलत नव्हता. यावर मला जास्त लिहिता येत नाही.

त्या दिवशी स्टुडिओत दंग्याचंच शूटिंग चालू होतं. निरोप गेला तसे सगळे निघाले. कपडे बदलायला कोण थांबतो? स्मशानात टेम्पो येऊन थांबला आणि त्यातून पट्ट्यापट्ट्यांचे कैदीच कैदी उतरले! नंबराच्या पट्ट्या छातीवर, तोंडाला दंग्याची काजळी. सगळ्यांत पुढे हवालदाराच्या वर्दीत परब.

दुसऱ्या कुणाला घेऊन आलेली माणसं भिंतीला चिकटली. तिथला लाकडं देणारा माणूस घाबरत परबजवळ आला. "साहेब, एवढे कैदी मोकळे आणलेत? बेड्या कुठेत?"

परब रडत होता. वर्दीच्या बाहीने नाक पुसून म्हणाला, "पॅरोलवर आहेत सगळे."

तो माणूस पाणी आणायला धावला. प्रत्येक कैद्याला त्याने हातात पेला दिला.

*

काम थांबत नाही. दादाचं दिवसकार्य उरकल्यावर मीही स्टुडिओत गेलो, कारण घरी बसून भिंत बघवत नव्हती. जेलच्या गेटचं एक फळकुट ढिलं झालं होतं, ते ठोकत होतो. समोरून एक पाठ गेली. दादाचा शर्ट, दादाचा नंबर, आणि आत भलताच माणूस. अंधेरीच्या जिममधला कोणीतरी आणला होता.

माझा स्वभाव असा की हात आधी उठतो, डोकं नंतर चालतं. हातोडी टाकली, जाऊन त्याची कॉलर धरली. "काढ."

"काय काढू?"

"शर्ट काढ!"

प्रॉडक्शन मॅनेजर धावत आला. "अरे ए, कंपनीचा शर्ट आहे तो!"

खुर्चीत बसलेले पास्कू अंकल तिथूनच म्हणाले, "मग त्यालाच घाला ना. दोघांच्या पाठी एकाच आईने घासल्यात."

जिमवाल्याने बिचाऱ्याने गपचूप शर्ट काढून दिला. मी घातला. डायरेक्टर म्हणाला, "चाल." चाललो. "थांब." थांबलो. मी वळून बघितलं तर डायरेक्टर चष्मा पुसत होता.

"कंटिन्युटी बरोबर आहे," तो म्हणाला. म्हणजे आधीच्या शॉटमधल्या पाठीशी माझी पाठ जुळत होती.

मला आधी आनंद झाला. मग कळलं की माझ्या वाटणीला आलेला शॉट तो शेवटचाच आहे, दादा ज्याला नाही म्हणत होता तो. पिक्चर लागेल तेव्हा लोकांना वाटेल रघू पळाला. पण आई बघायला येईल. चेहरा कोणाचाही लावा, पिक्चरभर तिला तिचाच मुलगा दिसणार. आणि शेवटी तो म्हाताऱ्याला टाकून पळणार.

मी डायरेक्टरला एकदा विचारलं, "सर, शेवट तोच का?"

"तोच," तो म्हणाला.

*

शेवटचा शॉट दुपारी लागला. हीरो त्याच्या तारखा संपवून कधीच गेला होता. कॅमेरा अंगणात, पास्कू अंकल कॅमेऱ्याच्या पुढ्यात मातीत पडलेले, समोर मी बनवलेलं गेट सताड उघडं.

डायरेक्टरने मला बाजूला घेऊन समजावलं. "सरळ बाहेर पळायचं. काही झालं तरी मागे वळायचं नाही. वळलास तर तुझा चेहरा दिसेल आणि शॉट फुकट. कळलं?"

"कळलं सर."

"ॲक्शन!"

मी पळालो. दंग्याचा धूर सोडला होता, डोळे चुरचुरत होते. गेटपर्यंत पोचलो, एक पाय बाहेर टाकला. बाहेर स्टुडिओचा रस्ता, ऊन, चहावाला थर्मास घेऊन उभा. मागे पास्कू अंकल कण्हले. स्क्रिप्टमध्येच होतं ते.

मी वळलो.

धावत परत आलो, कॅमेऱ्यात तोंड दिसतंय हे कळत असून आलो. गुडघे टेकले आणि अंकलना उचलायला लागलो. अंकल ओठ न हलवता माझ्या कानात म्हणाले, "गाढवा, शॉट घालवलास. आणि हळू उचल. पाय खोटा मोडलाय, कंबर खरी दुखते."

मी उचललं. उभा राहिलो. कट कोणी म्हणेना. अंकल माझ्या हातांवर, धूर विरत चाललेला, आणि कॅमेरा चालूच.

शेवटी असिस्टंट हळूच म्हणाला, "सर, याचा चेहरा आला."

"दिसला मला," डायरेक्टर म्हणाला. तो मॉनिटरकडेच बघत होता. मग कॅमेरामनकडे वळला.

"हा आत परत येताना याची पाठ कुठून दिसेल?"

कॅमेरामनने गेटकडे बघितलं. "बाहेरून, सर."

"मग कॅमेरा गेटच्या बाहेर घ्या."