बायचा हात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही, कन्फेशनला गुडघे टेकले तेव्हा फादरांनाही नाही. तिथे ‘रागावले, खोटं बोलले’ असं मोघम सांगून मोकळी व्हायचे. आता तुम्हाला सांगते, पण जरा वळणावळणाने सांगेन, चालेल ना? जन्मभर मास्तरकी केली, मुद्द्यावर यायला मला वेळच लागतो.

आधी बायविषयी. बाय म्हणजे माझी मोठी जाऊ. मी लग्न होऊन नंदाखालला आले तेव्हा मला धड भातसुद्धा येत नव्हता. बाय कधी घालूनपाडून बोलली नाही. करपलेला भात स्वतःच्या ताटात घ्यायची आणि वर माझी चेष्टा करायची. मोठे दीर गेले तेव्हा तिचा ग्लेन मांडीवर होता. वाडीतली केळी नि भाजी वसईच्या बाजारात विकून तिने त्याला इंजिनिअर केलं. माझा तिच्यावर फार जीव आहे. तेव्हाही होता — हेच तर वाईट.

ग्लेनचं लग्न ठरलं. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी बायका बँड लावून विहिरीवर जातात, नवरदेवाच्या आंघोळीचं पाणी काढतात. पहिली कळशी आईची. पण आई विधवा असली तर? तर तिने मांडवात थांबायचं, आणि मान काकीचा. म्हणजे माझा. क्रुसापुढे सगळे सारखे म्हणणारी आम्ही माणसं, विहिरीवर मात्र नाही. शाळेत मी मुलांना समतेचा धडा शिकवत होते आणि घरी त्या कळशीसाठी नवी साडी घेऊन बसले होते. खरं सांगू? मला आनंद झाला होता.

विहिरीवर पोचलो तर बाय मागोमाग आलेली. बायकांतून वाट काढत सरळ काठाशी गेली.

“माझ्या पोराचं पानी मी काढीन,” एवढंच म्हणाली.

बँड थांबला. मी तिचं मनगट धरलं.

पुढचं गावाला तोंडपाठ आहे. बाईंनी जावेचा हात धरून तिला पुढे नेलं, मास्तरीणच सोबत आहे म्हटल्यावर म्हाताऱ्याही गप्प बसल्या. त्या दिवसापासून आमच्या आळीतली रीत बदलली, मग शेजारच्या आळ्यांतली. आता विधवा आया पहिली कळशी काढतात, मांडवात नाचतातसुद्धा. महिला मंडळात माझा सत्कार झाला. मी भाषणही ठोकलं — आणि चांगलं झालं हो ते!

पण मी तिला — कसं सांगू — पुढे नेत नव्हते. मागे ओढत होते. नखं रुतेपर्यंत. “बाय, हसं होईल, मागे हो,” असं तिच्या कानात म्हणाले. ती थांबलीच नाही. तिने कळशी सोडली, दोर ओढला, आणि तिच्या मनगटाबरोबर माझा हातही ओढला गेला. लांबून लोकांना दिसल्या त्या मिळून पाणी काढणाऱ्या दोन जावा. टाळ्या पडल्या. मी हसले. तेव्हाच बोलता आलं असतं, नाही का? का नाही बोलले? टाळ्या गोड लागल्या, म्हणून.

परवा शेजारच्या लग्नात नवरदेवाची आई माझ्याकडे आली. नुकतीच विधवा झालेली, घाबरून पांढरी पडलेली. तिने हात पुढे केला. “बाई, बायचा धरला होता ना, तसा धरा.” मी धरला. तिला विहिरीपर्यंत नेलं. बाय काठीवर रेलून बघत होती, तोंडभर हसत होती. तिने आजवर कुणापाशी चकार शब्द काढलेला नाही. उलट कुणी विचारलं तर माझंच नाव सांगते.

ते नाव तिचं होतं. मी ते घेतलं, आणि अजून मिरवते आहे.