पात्यांच्या पोटाची हळद

माझे बाबा कोब्याचे मिस्त्री. मूल तालुक्यातल्या कितीतरी घरांत त्यांच्या हातचा कोबा आहे, आणि त्यांचे दोन्ही गुडघे त्या कोब्यांतच गेले. उकिडवं बसायचं, थापीनं घोटायचं, मागे मागे सरकायचं. आता त्यांना खाली बसता येत नाही, बाजेवरून उठायलाही काठी लागते. माझ्या गुडघ्यांचं तसं होऊ द्यायचं नव्हतं म्हणून मी घोटाईची मशीन घेतली, वर बसून चालवायची. खाली दोन चक्रं, चक्रांना पोलादी पाती. पाती गरगर फिरतात, ओला कोबा घोटला जातो. एवढीच गोष्ट, पण बाबांना ती झोंबली.

"उंटावरून शेळ्या हाकून कोबा होत असते काय?" एवढं बोलले आणि तो विषयच बंद केला. मशीन अंगणात उभी असली की ते बाज फिरवून तिच्याकडे पाठ करून बसत. मी जेवले का हे विचारत, कोबा कसा झाला हे कधीच नाही. मला भयंकर राग यायचा. ज्यानं मला थापी धरायला शिकवली त्यानं एकदा तरी विचारावं, बस. मीही काही कमी नाही. मुद्दाम त्यांच्या पाठीमागेच मशीनचं काम काढून खाडखुड करत बसायची.

दसऱ्याच्या आधी तेच केलं. मशीन जॅकवर चढवली, पात्यांना चिकटलेलं सिमेंट खरवडलं. पातं धरणारी एक दांडी किंचित वाकली होती. एक पातं जरी बाकीच्यांपेक्षा खाली राहिलं तरी मशीन डुचमळते आणि कोब्यावर वाटोळे ओरखडे उठतात. म्हणून साऱ्या दांड्या पट्टीला लावून सारख्या केल्या, बोल्ट कसले, ग्रीस भरलं. खंडेनवमीला हत्यार चालवायचं नसतं, तेव्हा मशीन तशीच जॅकवर ठेवून वर ताडपत्री टाकली आणि मी मार्कंड्याला मावशीकडे गेले.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. माय दिसेल त्या वस्तूला वरून कुंकू लावते. बाबांची रीत निराळी. ते तेलात कालवलेली हळद थापीच्या पोटाला लावतात. "जे कामाले लागते त्याले लावाव. मुठीले लावून का करता?" हे दरवर्षीचं.

दसरा झाल्यावर मूलमध्येच एका राइस मिलच्या गोदामाचा कोबा होता. मशीन गाडीत चढवताना सीटवर मायचं कुंकू आणि झेंडूचं फूल दिसलं, ते तसंच राहू दिलं. कोबा टाकला, बूट जेमतेम उमटेल इतका सुकू दिला आणि मी मशीनवर बसले. एक फेरी मारून मागे पाहते तर, बाप्पा! करड्या कोब्यावर लालभडक वर्तुळं. मला वाटलं, पात्यात कोणाचा पाय आला. मशीन काठाला आणून जॅकवर चढवली, वाकून पाहिलं, तर पात्यांच्या पोटाला पिवळं लागलेलं. हळद! हळदीत चुना पडला की ती लाल होते, सिमेंटमध्येही तेच झालं होतं.

मिलवाले शेठ दारातच उभे. "ताई, हे लाल काऊन करून राह्यल्या?"

"घोटल्यावर जाते, भाऊ," मी म्हटलं. जाईल की नाही, देव जाणे.

खाली शिरून पाती पुसली, मायला फोन लावला आणि तोंड सोडलं. "माये, पुरा कोबा रंगला ना! मशीनले हळद फासाले तुले कोणं सांगतलं?"

"मी तं सीटलेच कुंकू लावलं वो," माय म्हणाली. "तिच्या खाली कोण घुसते?" मग म्हणाली, "तुह्या बाबाची बंडी मातर त्या दिवशी पाठीकून मातीनं भरली होती. इचारलं तं म्हणे, आंगणात पडलो."

मी फोन ठेवला. मशीन जॅकवर असली तरी पात्यांच्या पोटाला हात पोचवायचा तर जमिनीवर उताणं लोळत आत शिरावं लागतं. मी नेहमी तसंच शिरते. बाबांनी एकही पातं सोडलं नव्हतं.

कोबा काही कोणासाठी थांबत नाही. मशीन सुरू केली आणि वर बसल्या बसल्या रडले. त्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? फेरीगणिक पाती थोडी थोडी कलती करत गेले, तसा रंग फिका पडत गेला. शेवटी दारापाशी लालसर छटा उरली. शेठ म्हणाले, राहू द्या.

घरी आले तेव्हा बाबा बाजेवर होते, नेहमीसारखी पाठ करून. मी गाडीतून मशीन उतरवली, हातपाय धुतले आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"बाबा, कोबा लाल झाला."

त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. माझ्याकडे पाहिलं नाही.

"तेल जास्त झालं असन," ते म्हणाले. "पुढच्या साली कमी लावीन."