ढ संताची शिकवणी

देवाच्या दरबारात इतक्या ओळखी असलेला, आणि त्याच दरबाराला इतकं धारेवर धरणारा दुसरा माणूस अख्ख्या वणीत सापडायचा नाही. हे आमच्या शेजारचे फिटरकाका. खाणीत पंप दुरुस्त करायचे, पक्के ख्रिस्ती. आमचे बाबा कोळशाच्या ट्रकवर, आई जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचायला, घर एका खोलीचं. त्यामुळे माझा अभ्यास काकांच्या ओट्यावर चाले.

काकांच्या भिंतीवर धंदेवार संतांच्या तसबिरी टांगलेल्या. खाणकामगारांची बार्बरा, सैनिकांचा सेबॅस्टियन, ड्रायव्हरांचा ख्रिस्तोफर. ज्याचं त्याचं खातं ठरलेलं, आणि कामात कसूर झाली की कारवाई. बाबांच्या ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तुटला तेव्हा ख्रिस्तोफर आठवडाभर भिंतीकडे तोंड करून होता. इंजिनियरांच्या फर्डिनंडला तर त्यांनी भिंतीवर चढूच दिलं नाही. "राजा होता म्हणे! राजाले काय समजते पंपातलं? आमच्या सायबायसारखाच असन, सही करणारा." काकू म्हणायच्या, "हेच संत वर स्वर्गाच्या दारात उभे राहतीन, मंग पाहा." काका म्हणत, "राहू दे. आधी मीच त्यायची हजेरी घेतो."

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मी गणितात नापास झाले. पुन्हा नापास झाले तर काय, हे आई बोलली नाही; पण जिनिंगच्या मुकादमाकडे तिने माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला. ते कळल्यावर काकांनी पेटीतून परीक्षार्थींचा संत जोसेफ काढला. "हा सोताच ढ होता, पोरी. येत होतं नेमकं तेच विचारलं म्हणून पास झाला." बाबा म्हणाले, "भाऊ, आम्ही बुद्धाचे. आमच्यात ज्याचा दिवा त्यानंच लावायचा असते." काका म्हणाले, "मंग मी काय विझवून राह्यलो काय?"

जोसेफला खुर्चीत बसवून काका शेजारी बसले. "याले समजन असं सांग. डोकं कमी हाय त्याचं." तेव्हापासून रोज संध्याकाळी मी एका संताला कलन, म्हणजे कॅल्क्युलस, शिकवू लागले. मधेच काका हात वर करत. "थांब. हे वजा काहून झालं?"

"त्याला समजलं नाही, की तुम्हाला?"

"तो लाजते. माह्या तोंडून विचारून राह्यला."

एकेक पायरी चार-चारदा सांगावी लागे. मी चिडायचे. पण सांगता सांगता माझीच जीभ अडायची, आणि कळायचं की ती पायरी मलाच कधी आली नव्हती.

परीक्षा झाली आणि काका रिटायर होऊन मुलीकडे नागपूरला गेले. निकालाच्या दिवशी, पास झाल्याचं सांगायला मी फोन केला. वाटलं, आता जोसेफची बढती जाहीर होणार.  पण काका म्हणाले, "त्यानं काही नाही केलं, पोरी. तुनं केलं." देवाच्या माणसांची बाजू न घेता, त्यांच्यावर न रागावता बोललेले काका मी तेवढ्या एकदाच ऐकले.

मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घरात पहिली.