पडद्यापलीकडची ड्रॉइंग रूम

ड्रॉइंग रूम नेमकी कोणाच्या मालकीची, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला आहे का? डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत कोपऱ्याच्या खोलीतल्या काकांना पडला होता, आणि एका इंग्रजी शब्दापायी स्वतःच्याच घरातून अर्धे हद्दपार झालेले असे गृहस्थ अख्ख्या मुंबईत दुसरे नसतील.

काका गिरणीत कारकून. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी घसा बसेपर्यंत ओरडायचे आणि घरी येऊन गुळण्या करता करता जाडजूड इंग्रजी शब्दकोश वाचायचे. इंग्रज गेला, आता त्याचे शब्दही घालवू, असं आम्ही तरुण मंडळी म्हणायचो. त्यावर त्यांचं म्हणणं, "घालवा. पण आधी चौकशी करा. चौकशीवाचून शिक्षा हा सरकारी धंदा झाला."

शेजारच्या फिटरने एकदा लाकडी सोफा आणला आणि त्याच्या भोवतालच्या हातभर जागेला तो ड्रॉइंग रूम म्हणू लागला. काकांनी लगेच चष्मा चढवला. दुसऱ्या दिवशी गॅलरीत सगळ्यांना जमवून त्यांनी निकाल दिला. या खोलीचा चित्रं काढण्याशी संबंध नाही. मूळ शब्द विथड्रॉइंग रूम, म्हणजे मागे सरून बसायची खोली. साहेबाच्या घरी जेवण झालं की बायका उठून तिथे जात, पुरुष मेजापाशीच राहत. तेव्हा ज्याला ड्रॉइंग रूम हवी, त्याने आधी बायकांना पंगतीत घ्यावं. आमच्याकडे त्या जेवणार सगळ्यांच्या मागून. मग पंगतीतून उठून जाणार कशा?

फिटरने सोफा ठेवला, ड्रॉइंग रूम रद्द केली. काकांनी मात्र त्याच संध्याकाळी काकूंना शेजारी जेवायला बसवलं आणि त्यांचं जुनं लुगडं दोरीवर टाकून एकुलत्या एका खोलीचे दोन भाग केले. खिडकीकडचा काकूंचा, चुलीकडे काका आणि खरकटी ताटं. हळूहळू मजल्यावरच्या बायका तिथे जमू लागल्या. काकांचा सदरा पलीकडे राहिला, तर ते पडद्याबाहेरून विनंती करत. काकू सदरा बाहेर टाकत आणि म्हणत, "बसा आता ताटांची राखण करीत."

मग सत्याग्रहाचे दिवस आले. गोळीबाराच्या बातम्या ताज्या होत्या. पडद्यापलीकडे बायकांनी ठरवलं की आपली तुकडी जाणार, आणि पहिलं नाव काकूंचं. सभांमध्ये गरजणारे काका पांढरे पडले. मी तेव्हा त्यांच्याकडेच जेवून ताटांपाशी बसलो होतो. ते पडद्याजवळ गेले, हात उचलला आणि लुगड्याला न लावताच खाली घेतला.

"अगं, जरा आत येऊ का?"

"कशाला?"

"तू जाऊ नकोस, एवढंच सांगायला."

"सांगितलंत, आणि मी ऐकलं," काकू म्हणाल्या. "आता आम्हाला बोलू द्या."

काका मागे फिरले आणि मोरीत बसून ताटं घासू लागले. इतकं मन लावून ताट घासणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

काकू तुरुंगात गेल्या. त्या सुटेपर्यंत काका चुलीपाशी अंग आखडून झोपत. खिडकीचा वारा, अंथरूण, सगळं पलीकडे. मी म्हटलं, काका, तिकडे आता आहे कोण? तर म्हणाले, "ती नाही म्हणून तर जायचं नाही रे."

राज्य झालं, पेढे वाटून झाले, काका-काकू कोकणात गेले. चाळीत आज घरोघरी सोफे आहेत, आणि बायका पुन्हा सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं जेवतात. घोषणा देऊन राज्य मिळवणाऱ्यांकडे माझी एवढीच मागणी आहे: आज जेवायला बसाल तेव्हा घरातल्या बाईचं पान आपल्याबरोबर मांडा. जेवण झालं की तिला उठून जाऊ द्या. कुठे, ते विचारू नका. ताटांपाशी तुम्ही थांबा.