बायोसचं ऑपरेशन आणि गल्लीतल्या मोटरी

मंगळवारी सकाळी टॉवेलच्या बॉर्डरचं डिझाईन निम्मं झालं होतं, आणि लॅपटॉप पुन्हा अचानक बंद... नाश्ता झाल्यापासूनची ही तिसरी वेळ.

मी घरी बसून इथल्या यंत्रमागवाल्यांना टॉवेल-चादरीची डिझाईन्स करून देते. ते सॉफ्टवेअर फक्त याच लॅपटॉपवर चालतं, दुसऱ्यावर टाकून मिळत नाही. हा गेला की माझं काम गेलं.

आणि स्क्रीनवर चार दिवसांपासून एकच चौकट... 'बायोस अपडेट उपलब्ध आहे.' बायोस म्हणजे मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम. कशासाठी, तर म्हणे 'सिस्टीमची स्थिरता सुधारते'. खाली लाल अक्षरांत, अपडेट चालू असताना वीज गेल्यास मशीन कायमचं बंद पडू शकतं. अहो, मग करायचं का नाही करायचं, ते तरी सांगा ना!

बॅटरीचं म्हणाल तर ती शंभर टक्के दाखवते आणि वायर काढली की दोन मिनिटांत मान टाकते. आमच्या गल्लीतल्या लाईटीबद्दल तर न बोललेलंच बरं.

पुण्यात आयटीत असलेला भाऊ म्हणाला, चालतंय ना, मग हात लावू नकोस. अरे बाबा, चालत नाही म्हणून तर विचारतेय! हेल्पलाईनवाला गोड आवाजात तीनदा म्हणाला, तुमच्या जबाबदारीवर करा मॅडम.

शेवटी रिपेअरवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "करा बी म्हनत न्हाय, करू नका बी म्हनत न्हाय. पन नंतर माज्याकडं यिऊ नका." हा सल्ला घ्यायला मी रिक्षाने गेले होते.

मंगळवारी मात्र डोकंच फिरलं. बुधवारी डिझाईन द्यायचं होतं, तिकडे माग थांबलेला. म्हटलं, आता काय व्हायचं ते होऊ दे.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांना बजावलं, वीस मिनिटं मला हाक मारू नका, कुठल्याही बटणाला हात लावू नका, मधेच लाईट गेली तर लॅपटॉप मेलाच समजा.

"म्हंजी आपरेशनच की गं त्येचं," आत्या म्हणाल्या. म्हटलं, हो, तसंच समजा.

बटण दाबलं. पट्टी सरकायला लागली... बारा टक्के... तीस... आणि गल्लीतून आरोळी आली, "पाणी आलंऽऽ!"

आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेही जेमतेम तासभर. आलं की घरोघरी एकदम मोटरी लागतात आणि निम्म्या वेळा गल्लीच्या डीपीवरचा फ्यूज उडून सगळ्यांचीच लाईट जाते. हे पाणी खरं तर बुधवारी यायचं होतं. माझ्या नशिबाने ते मंगळवारी आलं!

ओरडू की देवाचं नाव घेऊ, काही सुचेना. पट्टी एक्केचाळीसवर अडकली... आणि स्क्रीन काळी झाली. संपलं, म्हटलं. 

पण डोक्यावरचा पंखा फिरत होता. म्हणजे लाईट होती... आणि मोटरीचा आवाज कुठूनच येत नव्हता. ना आमच्या घरातून, ना शेजारून. मिनिटभराने स्क्रीन उजळली, पट्टी पुढे सरकली आणि शंभरला पोचली. मला चक्क रडू आलं.

डोळे पुसत बाहेर आले तर आत्या मोटर न लावता दारातल्या खड्ड्यातल्या नळाखाली घागर लावून वाकलेल्या. एवढे गुडघे दुखत असताना! तेवढ्यात समोरच्या पद्माक्का धावत आल्या आणि माझा दंड धरला.

"उठून कशाला आलीस गं? झालं का आपरेशन? घरीच करतेत म्हणे आता!"

मला काही कळेना. मग उलगडा झाला. पाण्याची आरोळी ऐकताच आत्यांनी गल्लीत दारोदार जाऊन सांगितलं होतं, "आमच्या सुनंचं आपरेशन चाललंय, मोटरी लावू नगा, लाईट जाईल." 'सुनेच्या लॅपटॉपचं' असं त्या म्हणाल्या होत्या की नाही, यावर घरात अजून वाद चालू आहे.

मी खरं काय ते सांगितलं. अक्का पोट धरून हसल्या, आणि आधी पळत जाऊन मोटर लावली.

डिझाईन वेळेत गेलं. लॅपटॉप तेव्हापासून एकदाही बंद पडलेला नाही.

मला सगळं नीट कळत होतं, तरी चार दिवस माझी हिंमत होत नव्हती. गल्लीतल्या बायकांना काहीच नीट कळलं नव्हतं, तरी त्यांनी हातातलं पाणी सोडलं. कुणाचीच टाकी पूर्ण भरली नाही. पुढचं पाणी येईपर्यंत सगळ्यांनाच जपून वापरावं लागणार आहे... आणि एकीनेही अजून मला त्यावरून एक शब्द ऐकवलेला नाही.